चाकाचा आकार (स्पोर्ट्स कार)

मोटारीच्या चाकाचा आकार म्हणजे रिमचा इंचांत मोजलेला व्यास. ‘सतरा इंची’, ‘अठरा इंची’ असे टायरच्या दुकानात म्हणतात ते याच व्यासाला. गाडी वळणात कशी वागते आणि खराब रस्त्यावर आतल्या माणसांना किती हादरे बसतात, या दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. पण तो खुद्द रिमच्या व्यासामुळे थोडाच होतो. खरा परिणाम होतो तो रिमभोवती किती रबर उरते आणि चाकाचे वजन किती, यामुळे. स्पोर्ट्स कार हलकी, बुटकी आणि रस्त्याची जाणीव चालकाच्या हातापर्यंत पोचवण्यासाठीच बांधलेली असते. म्हणून एका इंचाचा फरकही तिच्यात लवकर कळतो.

आकड्यांचा अर्थ : टायरच्या बाजूवर ‘२०५/४५ आर १७’ अशी उठावाची अक्षरे असतात. २०५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे साइडवॉलची, अर्थात टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ४५ टक्के. ‘आर’ ही रेडियल बांधणीची खूण आणि १७ हा रिमचा व्यास. हिशेब केला तर साइडवॉल सुमारे ९२ मिमी. भरते आणि टायर धरून चाकाचा पूर्ण व्यास ६१६ मिमी. होतो. २०१५ साली विक्रीला आलेल्या चौथ्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ या दोन आसनी उघड्या गाडीला हे माप मिळते. तिच्याच लहान इंजिनाच्या रूपाला १९५/५० आर १६ असे माप असते. तिथे साइडवॉल ९७.५ मिमी. आणि पूर्ण व्यास ६०१ मिमी. १९८९ मधल्या पहिल्या एमएक्स-५ ला १८५/६० आर १४ टायर होते, म्हणजे १११ मिमी. उंचीची साइडवॉल. २६ वर्षांत त्याच गाडीच्या रिमचा व्यास दोन ते तीन इंचांनी वाढला आणि रबराची उंची सुमारे १४ ते १९ मिमी.ने घटली.

रिम मोठी करताना टायर बुटका निवडून पूर्ण व्यास जवळपास तोच ठेवण्याचा प्रघात आहे. २०५/५५ आर १६, २२५/४५ आर १७, २२५/४० आर १८ आणि २२५/३५ आर १९ ही मापे त्याचे नेहमीचे उदाहरण. चारही चाकांचा पूर्ण व्यास ६३२ ते ६४० मिमी.च्या आत राहतो. साइडवॉल मात्र ११३ वरून १०१, ९० आणि शेवटी ७९ मिमी.वर येते. चाक मोठे झाले असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा चाक तेवढेच असते. त्यातला धातू वाढलेला असतो आणि हवा व रबर कमी झालेले असते. हे ध्यानात घेतले तर या विषयातला बराचसा गोंधळ मिटतो.

वळणातले वागणे : चालकाने स्टिअरिंग फिरवले की रिम लगेच फिरते, पण रस्त्याला टेकलेले रबर जागेवरच राहू पाहते. दोहोंच्या मध्ये साइडवॉल पिळली जाते. हा पीळ पुरेसा बसल्यावरच रस्त्याकडून बाजूचा जोर मिळतो आणि गाडीचे नाक वळू लागते. वळणात चाकाचे तोंड एका दिशेला आणि त्याची वाट किंचित निराळ्या दिशेला असते. दोहोंतल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. उंच, मऊ साइडवॉलच्या टायरला तेवढाच जोर मिळवायला मोठा कोन लागतो, बुटक्या टायरला लहान कोन पुरतो. त्यामुळे बुटक्या टायरची गाडी स्टिअरिंगच्या पहिल्याच हालचालीला प्रतिसाद देते. एका वळणातून लगेच उलट वळणात शिरताना हा फरक सर्वांत स्पष्ट कळतो : उंच टायरची गाडी क्षणभर झोका खाऊन मग वळते, बुटक्या टायरची थेट वळते.

हा चटपटीतपणा म्हणजे पकड नव्हे. पकड प्रामुख्याने रबराच्या मिश्रणावर, टायरच्या रुंदीवर आणि चाक रस्त्याला किती सपाट टेकते यावर ठरते. बुटक्या टायरला कमी कोनात जोर मिळतो, तशी त्याची कमाल पकडही कमी कोनात गाठली जाते आणि पुढे ती सुटते ती पुष्कळदा झटकन. उंच साइडवॉलचा टायर आधी कुरकुरतो, पिळवटतो, हळूहळू सरकू लागतो आणि चालकाला सावरायला अवधी देतो. २०१२ मध्ये आलेल्या टोयोटा जीटी ८६ ला कंपनीने २१५/४५ आर १७ मापाचे, तुलनेने कमी पकडीचे मिशलँ प्रायमसी टायर मुद्दाम दिले होते. गाडी रस्त्यावर शक्य असणाऱ्या वेगातच हलकेच घसरू लागावी आणि चालकाला तिचा तोल कळावा, हा त्यामागचा हेतू. मोठी चाके घालून या गाडीचा चटपटीतपणा वाढवणाऱ्यांनी तिचा मूळ गुणच घालवला, असे या नोंदीचे मत आहे.

मोठ्या रिमसोबत बहुधा रुंद टायर येतो. हवेचा दाब तोच असेल तर जमिनीला टेकलेल्या रबराचे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. त्याचा आकार बदलतो. लांबट ठसा आखूड आणि रुंद होतो. कोरड्या रस्त्यावर वळताना तो फायद्याचा ठरतो. साचलेल्या पाण्यात तोच तोट्याचा होतो, कारण रुंद टायरला पुढचे जास्त पाणी बाजूला सारावे लागते आणि तो कमी वेगातच पाण्यावर तरंगू लागतो. शिवाय रुंद टायर रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमागे ओढला जातो आणि स्टिअरिंग हातात चुळबुळत राहते.

बऱ्याच स्पोर्ट्स कारना पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या मापांची असतात. १९९६ च्या लोटस एलिसला पुढे १५ इंची रिमवर १८५ मिमी. रुंदीचे आणि मागे १६ इंची रिमवर २०५ मिमी. रुंदीचे टायर होते. इंजिन मागच्या बाजूला असल्याने तिथे भार अधिक; मागची पकड पुढच्यापेक्षा आधी सुटू नये म्हणून ही तजवीज. अशा गाडीला चारही बाजूंना सारखी रुंद चाके बसवली तर कंपनीने बसवलेला तोल मोडतो.

वजन : रिमचा व्यास वाढला की धातू वाढतो, आणि तो आसापासून लांबच्या भागात वाढतो. फिरणाऱ्या वस्तूत वजन किती यासोबत ते आसापासून किती लांब आहे यालाही महत्त्व असते. गाडीचा वेग वाढवताना टायरच्या बाहेरच्या घेरातला एक किलो हा डिकीत ठेवलेल्या जवळपास दोन किलोंसारखा वागतो, कारण त्याला पुढेही न्यायचे असते आणि फिरवायचेही असते. १७ इंची रिमच्या कडेवरचा एक किलो सुमारे दीड किलोच्या बरोबरीचा पडतो. सुमारे एक टन वजनाच्या गाडीत चार चाकांत प्रत्येकी दोन किलो वाढले, तर वेग घेताना आणि ब्रेक लावताना ते कळते. यावरचा खर्चिक तोडगा म्हणजे घडीव ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा कार्बन फायबर. २०१५ च्या फोर्ड शेल्बी जीटी ३५० आर या गाडीला १९ इंची कार्बन फायबरची चाके कारखान्यातूनच मिळत आणि त्यांचे वजन तशाच ॲल्युमिनियमच्या चाकांच्या निम्म्याच्या आसपास होते. म्हणजे हलके १८ इंची चाक जड १७ इंचीपेक्षा सरस ठरू शकते. बाजारात मिळणारी स्वस्त ओतीव मोठी चाके मात्र सहसा जडच असतात.

हादरे आणि आराम : सस्पेन्शनच्या स्प्रिंगा आणि टायरमधली हवा या एकाखाली एक ठेवलेल्या दोन स्प्रिंगाच आहेत. गाडीचे धड सस्पेन्शनवर सेकंदाला साधारण एक-दोन वेळा वरखाली होते. चाक मात्र सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थडथडू शकते. मोठा उंचवटा सस्पेन्शन पचवते. बारीक खडी, सांधे, डांबराची ठिगळे यांना सस्पेन्शनपर्यंत पोचण्याआधी टायरने गिळायचे असते. साइडवॉल बुटकी झाली की हे काम नीट होत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर काँक्रीटच्या सांध्यांचा ‘टप टप’ आवाज बुटक्या टायरच्या गाडीत चांगलाच घुमतो, तो यामुळेच.

खड्ड्याचे उदाहरण जवळून पाहावे. ताशी ६० किमी. वेगात गाडी ३० सेंमी. रुंदीच्या खड्ड्यावर आली, तर चाकाला तो ओलांडायला सुमारे ०.०१८ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात चाक थोडेसे खाली उतरते आणि त्याची गाठ खड्ड्याच्या पलीकडच्या कडेशी पडते. उंच टायर त्या कडेभोवती दबतो आणि सुटतो. बुटका टायर दबून दबून रिमला टेकतो. कड आणि रिम यांच्या चिमट्यात साइडवॉल सापडते आणि तिच्यातले दोरे तुटतात. दुसऱ्या दिवशी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. रिमची आतली कड वाकली असेल तर ती सहसा बॅलन्सिंगच्या यंत्रावर चढवेपर्यंत कळतही नाही.

मोठे चाक खड्ड्यावरून सहज जाते, असा एक समज आहे. तो निराधार नाही, पण इथे लागू पडत नाही. दीड मीटर व्यासाचे बैलगाडीचे चाक २० सेंमी. रुंदीच्या चरात जेमतेम ७ मिमी. उतरेल, ६१६ मिमी. व्यासाचे मोटारीचे चाक १७ मिमी. उतरेल. फायदा होतो तो पूर्ण व्यास वाढल्यावर. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव काढून आरे लांब केले आणि त्यावर पातळ धाव चढवून घेर तोच ठेवला, तर चर ओलांडायला काहीच मदत होणार नाही. रिम मोठी करून टायर बुटका करणे हे त्यातलेच आहे.

उलट पूर्ण व्यास खरोखरच बदलला तर दुसरे परिणाम होतात. ६०१ ऐवजी ६१६ मिमी.चे चाक बसवले तर प्रत्येक फेऱ्यात गाडी अडीच टक्के जास्त पुढे जाते. सर्व गिअर तेवढे लांब होतात, वेग घेण्याचा जोर तेवढा कमी होतो आणि जुळवणी बदलली नाही तर वेगमापक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

वाढीचा इतिहास : १९६४ मध्ये पोर्शे ९११ चे उत्पादन सुरू झाले तेव्हा तिला १५ इंची रिम आणि १६५ मिमी. रुंदीचे टायर होते. १९७० च्या दशकात पिरेली पी ७ या बुटक्या, रुंद टायरने स्पोर्ट्स कारचे रूप पालटले. १९७८ च्या लँबोर्गिनी काउंटाश एलपी ४०० एस ला मागे ३४५/३५ आर १५ इतके रुंद टायर मिळाले, पण रिम तरीही १५ इंचीच होती. पुढे व्यास वाढत गेला. फेरारी एफ ४० आणि मॅक्लॅरन एफ १ यांनी १७ इंचांवर काम भागवले. आजच्या ९११ कॅरेरा एस ला पुढे २० आणि मागे २१ इंची चाके असतात.

याचे एक कारण खरे तांत्रिक आहे : ब्रेक. ९११ जीटी ३ ला ऐच्छिक मिळणारी पुढची सिरॅमिक ब्रेक डिस्क ४१० मिमी. व्यासाची आहे आणि १६ इंची रिमचा व्यासच ४०६ मिमी. ही डिस्क त्या रिमपेक्षाच मोठी. आत बसण्याचा प्रश्नच नाही. दीड टनाची गाडी ताशी ३०० किमी.वरून पुन्हा पुन्हा थांबवायची तर एवढी डिस्क लागते. दुसरे कारण नजरेचे आहे. गाड्यांची धडे जाड आणि उंच झाली, त्यांच्या खाली लहान चाक केविलवाणे दिसते. शोरूममध्ये गाडी उभी असते, तिथे मोठे चाकच जिंकते.

फॉर्म्युला वनने मात्र २०२१ पर्यंत १३ इंची रिम वापरली. ६७० मिमी. व्यासाच्या त्या चाकात साइडवॉल जवळपास १७० मिमी. उंच होती आणि सस्पेन्शनचे पुष्कळसे काम तीच करत असे. २०२२ पासून १८ इंची रिम आणि ७२० मिमी.चे टायर आले, साइडवॉल १३० मिमी.च्या आसपास उतरली. टायरचे दबणे कमी झाले, चाके जड झाली आणि सस्पेन्शनची आखणी नव्याने करावी लागली. जगातल्या सर्वांत वेगवान वळणाऱ्या गाड्यांनी इतकी वर्षे १३ इंची रिम वापरली, ती नियमात होती म्हणून. तरीही वळणातल्या वेगासाठी मोठी रिम अपरिहार्य नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते.

निवड : कंपनीने सुचवलेल्या मापांपैकी ब्रेकवर बसणारे सर्वांत लहान चाक हे रोजच्या रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारसाठी बहुधा सर्वांत चांगले असते. सपाट ट्रॅकवर एक माप मोठे घेण्याला अर्थ आहे, पण चाक हलके असेल तरच. बदल करायचाच असेल तर व्यासाबरोबर रिमची रुंदी, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून ती हबला टेकते त्या पृष्ठभागाचे अंतर), टायरचा भार सोसण्याचा आकडा आणि पूर्ण व्यास तपासावा. ऑफसेट चुकला तर टायर मडगार्डला घासू शकतो आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग एका बाजूला ओढू शकते. गाडीला मान्य असलेली मापे आणि हवेचा दाब चालकाच्या दाराजवळच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर सहसा छापलेले असतात. दुकानात जाण्याआधी ती पट्टी वाचावी.