'नाही'वर खूण करा, चाचा

आमची लेक इंग्लंडमध्ये असते. तिचं पहिलं बाळंतपण तिथेच होणार होतं, म्हणून आम्ही नवराबायकोने जायचं ठरवलं. व्हिसा आला, तिकिटं निघाली आणि प्रवास विम्याच्या फॉर्मपाशी येऊन गाडी अडली. प्रश्न साधाच होता: हृदयविकार आहे का, किंवा कधी होता का? हृदयावर शस्त्रक्रिया झाली आहे का? हो किंवा नाही.

माझी बायपास होऊन चार वर्षं झाली होती. विम्याचं काम बघणारा मुलगा आमच्याच मोहल्ल्यातला. तो अगदी आपुलकीने म्हणाला, "चाचा, 'नाही'वर खूण करा. सगळे तेच करतात. 'हो' लिहिलंत तर कंपनी एक तर फॉर्म परत पाठवेल, नाही तर दुप्पट पैसे मागेल. अल्लाह खैर करेल, तिकडे काही होत नाही तुम्हाला."

बायकोने एवढंच विचारलं, "आणि झालंच काही, तर भरायचं कोणी?"

प्रश्न रास्त होता. इंग्लंडमध्ये आपल्यासारख्या पाहुण्याला रुग्णालयात दाखल करावं लागलं, तर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या ठरलेल्या दराच्या दीडपट बिल लावतात. हृदयाचं काही निघालं तर तो आकडा लेक आणि जावयाच्या मानेवर बसणार. नातवाचं तोंड बघायला जायचं आणि त्याच्या आईबापाला कर्जात घालून यायचं, हे मला पटेना. मी फॉर्म दोन दिवस मागून घेतला. सवयीप्रमाणे इतिहासात डोकं घातलं. विमा कंपनीला सगळं खरं सांगायचं, हा नियम आला तरी कुठून?

त्याचा माग एका किल्ल्यापाशी लागला. सुमात्रा बेटावर बेंकुलेन इथे ईस्ट इंडिया कंपनीचा मार्लबरो नावाचा किल्ला होता. तिथला गव्हर्नर कार्टर याने परकीय शत्रू किल्ला घेईल या भीतीने लंडनमध्ये विमा उतरवला. १७६० साली फ्रेंचांनी किल्ला खरोखरच घेतला. विमा उतरवून देणारा बोहम पैसे द्यायला तयार होईना. किल्ला किती कमकुवत आहे हे माझ्यापासून लपवलं, असं त्याचं म्हणणं. १७६६ साली न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी या खटल्यात जे तत्त्व मांडलं, त्यावर विम्याचा कायदा आजही उभा आहे. धोका किती आहे याची माहिती बहुतेक वेळा विमा घेणाऱ्यापाशीच असते, दुसरी बाजू त्याच्या शब्दावर विसंबते, म्हणून त्याने महत्त्वाची गोष्ट दडवता कामा नये.

एवढी गोष्ट एजंटांच्या प्रशिक्षणातही सांगत असतील. निकाल कोणाच्या बाजूने लागला हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. निकाल कार्टरच्या बाजूने लागला! तो किल्ला मुळात व्यापारासाठी बांधलेला, युरोपी फौजेपुढे टिकणारा नव्हे, हे विमा देणाऱ्याला माहीत असायला हवं होतं, आणि नसेल तर त्याने विचारायला हवं होतं. हप्ता घेताना गप्प बसायचं आणि पैसे द्यायची वेळ आली की शंका काढायच्या, हे चालणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. म्हणजे प्रामाणिकपणाचं बंधन पहिल्यापासून दोन्ही बाजूंना आहे.

आता कोणी म्हणेल, खरं सांगूनही कंपन्या अन्यायच करतात. तेही खोटं नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आयुर्विमा कंपन्या हिंदुस्थानी माणसाचा जीव कमी भरवशाचा धरून त्याच्याकडून जादा हप्ता घेत. तो खरं सांगो वा खोटं, त्याचा जन्मच जोखमीच्या रकान्यात पडलेला! हे मोडलं मुंबईने. १८७० साली स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल लाइफ अ‍ॅश्युरन्स सोसायटीने हिंदुस्थानी लोकांचा विमा नेहमीच्या दराने उतरवायला सुरुवात केली. म्हणजे जोखमीचे रकाने आकाशातून पडत नाहीत. माणसं ते आखतात आणि माणसंच बदलू शकतात.

बायपासचा रकाना तर अगदी अलीकडचा. पायाची शीर काढून हृदयाला जोडायची पद्धत रेने फावालोरो यांनी अमेरिकेत क्लीव्हलंडला रुळवली ती १९६७ पासून. भारतात पहिली बायपास १९७५ साली, तेव्हाच्या मद्रासमध्ये झाली. आमच्या आजोबांच्या पिढीत छातीत कळ आली की माणूस जायचा. आज तो बरा होऊन विमानात बसतो. वैद्यक पुढे गेलं, फॉर्मची भीती मात्र आपल्या मनात तशीच राहिली.

ही भीती बाजूला ठेवायला मला मदत झाली ती आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाची. एक भारतीय प्रवासी २००९ साली प्रवास विमा घेऊन अमेरिकेला गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्याला त्रास सुरू झाला, आणि अँजिओप्लास्टी करून तीन स्टेंट बसवावे लागले. आधीचा आजार लपवला असं म्हणून कंपनीने दावा नाकारला. पण मधुमेह असल्याचं त्याने आधीच सांगितलेलं होतं, तपासणीही झालेली होती. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. प्रकृती समजून घेऊन एकदा पॉलिसी दिल्यावर, विमाधारकाने उघड केलेल्या त्याच प्रकृतीकडे बोट दाखवून दावा नाकारता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्याला ही लढाई बारा वर्षं लढावी लागली, हे विसरू नये. पण तो जिंकला तो कशाच्या जोरावर? फॉर्मवर खरं लिहिलं होतं म्हणून. 'नाही'वर खूण करणाऱ्याच्या हातात न्यायालयात दाखवायला काहीच उरत नाही. तो हप्ता भरतो, पण विकत घेतो तो नुसता कागद.

आपल्याकडे काही मंडळींना विमाच मान्य नाही. ती चर्चा जुनी आहे. दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन, ज्यांचं निधन १८३६ साली झालं, त्यांनी सागरी विम्यावर लिहिलं आहे आणि त्यांचं मत प्रतिकूलच होतं. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण ज्याला विमा अमान्य आहे त्याने तो घेऊ नये. घेऊन खोटं लिहायला तर कुठल्याच मतात जागा नाही. करार हीसुद्धा अमानतच आहे.

तिसऱ्या दिवशी मी 'हो'वर खूण केली. एका कंपनीने फॉर्म परत पाठवला. दुसरी म्हणाली, हृदय सोडून बाकी सगळ्याचा विमा देऊ. तिसरीने डिस्चार्जचे कागद, ताजा इको रिपोर्ट आणि प्रवासाला हरकत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र मागवलं. मग जादा हप्ता घेऊन पॉलिसी दिली. जिवावर बेतलं तर हृदयाचाही खर्च मिळेल, पण एका मर्यादेपर्यंत. मर्यादा मोठी नव्हती. तरी ती किती आहे हे मला निघण्याआधी माहीत होतं, आणि लेकीलाही सांगून ठेवलं. भरलेल्या फॉर्मची प्रत पासपोर्टच्या पाकिटात ठेवली. तुम्हीही ठेवा.

नात झाली. आम्ही सुखरूप परतलो, विम्याची गरज पडली नाही.

गेल्या महिन्यात तोच मोहल्ल्यातला मुलगा घरी आला. त्याच्या अम्मीला दोन स्टेंट बसवलेत आणि तिला दुबईला मोठ्या मुलाकडे जायचं आहे. चहा संपल्यावर हळूच म्हणाला, "चाचा, ते डॉक्टरांचं पत्र तुम्ही कसं लिहून घेतलं होतं?"