कला व्यवस्थापन : पडद्यामागची कारकीर्द

नाटकाची तिसरी घंटा वेळेवर होते, त्यामागे कित्येक दिवसांची आकडेमोड असते. नाट्यगृहाच्या तारखा मिळविणे, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, नेपथ्याचा ट्रक, दौऱ्याची बस आणि प्रयोगानंतर कलावंतांची ‘नाइट’ चुकती करणे, ही कामे मराठी रंगभूमीवर व्यवस्थापक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. कला व्यवस्थापन हे त्याचेच विस्तारलेले रूप होय. १९५३ साली पुण्यात सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव किंवा १९९९ पासूनचा मुंबईचा काळा घोडा महोत्सव केवळ रसिकतेवर उभा राहत नाही.

सांस्कृतिक सल्लागाराचे काम मात्र निराळे. २०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक दायित्वाच्या निधीतून कला व वारसा जतनासाठी खर्च करण्याची वाट मोकळी केली. परंतु जाहिरातीच्या लाभासाठी दिलेले प्रायोजकत्व त्यात मोजले जात नाही. हा भेद न कळणारा सल्लागार संस्थेला अडचणीत आणतो. स्वामित्वहक्काचेही तसेच. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे किंवा ज्याला ते दिले असतील त्याच्याकडे राहतात. जुन्या नाटकाचे पुनरुज्जीवन करण्यापूर्वी लेखी परवानगी हवीच. मानधनाचा करारही तोंडी नसावा, कारण तोंडी व्यवहारात नुकसान होते ते बहुधा तबलजीचे व प्रकाशयोजनेतील साहाय्यकाचे.

वाणिज्य वा कायद्याची पदवी उपयोगी पडते. तथापि हंगामभर एखाद्या नाट्यसंस्थेची तिकीटखिडकी सांभाळलेल्या उमेदवाराला प्रेक्षक अधिक कळतो. उत्पन्न मात्र प्रारंभी अनियमित असते.