आम्लताण, यीस्टवरील

अल्कोहोली किण्वनात सभोवतालच्या आम्लांमुळे यीस्टच्या पेशीवर येणारा ताण. जबलपूर, मंडला, दिंडोरी भागातील गोंडांच्या मोहाच्या सडव्यात तो जवळून दिसतो. वाळवलेली मोहफुले पाण्यात भिजली की फेस चढतो. उन्हाळ्यात माठ जास्त दिवस राहिला तर बुडबुडे मंदावतात आणि शिरक्याचा झणझणीत वास नाकात शिरतो. जिवाणूंनी तेथे अ‍ॅसिटिक व लॅक्टिक आम्ल तयार केलेले असते.

यीस्टला 4 ते 5 सामू चांगला मानवतो, त्यामुळे नुसती आंबट चव घातक नव्हे. खरा घाव दुर्बल आम्लांचा. सामू 4.76 च्या खाली गेला की अ‍ॅसिटिक आम्लाचे निम्म्याहून अधिक रेणू अविघटित राहतात. ते पेशीपटलातून सहज आत झिरपतात आणि आतल्या जवळजवळ उदासीन पेशीद्रवात फुटून प्रोटॉन सोडतात. हे प्रोटॉन बाहेर उपसताना पटलावरील पंप एटीपी खर्ची घालतो. वाढ खुंटते, साखर न आंबता उरते. वाढते अल्कोहोल पटल अधिक पाझरते करते, म्हणून शेवटच्या टप्प्यात ताण दुणावतो. आम्ल अगदी थोडे असेल तर मात्र साखर पेशीवाढीऐवजी अल्कोहोलकडे वळून उतारा किंचित वाढूही शकतो. मळीवरच्या आसवन्यांत अशी दुर्बल आम्ले बनवणारे जिवाणू आवरण्यासाठी सल्फ्युरिक आम्ल मुद्दाम घालतात.