हलाखी, हुन्नर आणि हशा: कोल्हापूरच्या विनोदी नटांची घडण

विनोदी नटाच्या चरित्रात एक परिच्छेद ठरलेला असतो. बाप लवकर गेला, घरात खाणारी तोंडे जास्त, पोराने पडेल ते काम केले. पुढे त्याच पोराने अवघ्या महाराष्ट्राला हसवले. दोन गोष्टी अशा शेजारी मांडल्या की पहिलीमुळेच दुसरी घडली, असे वाचणाऱ्याला आपोआप वाटू लागते. सत्कार समारंभातल्या भाषणाला एवढे पुरते. पण हालअपेष्टांतून विनोदी नट खरोखर घडतो का आणि घडत असेल तर नेमका कुठल्या टप्प्यावर, हे पाहायचे तर कोल्हापूरकडे वळावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या एका गावात पेठांमधली गरिबी आणि चित्रपटांचे स्टुडिओ चालत जाण्याच्या अंतरावर होते. त्यामुळे एकाचा दुसऱ्याशी संबंध कसा आला हे इथे पावलापावलाने दाखवता येते.

आधी आक्षेप. हलाखी हेच कारण असते तर तिचे फळ सगळीकडे सारखे दिसायला हवे होते. एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा त्यांची थोरली मुलगी तेरा वर्षांचीही नव्हती. घर चालवण्यासाठी ती मास्टर विनायकांच्या कंपनीत कोल्हापुरात कामाला लागली. वडील नाहीत, भावंडे लहान आणि नावडती असली तरी तोंडाला रंग लावून करायची कामे: विनोदी नटाच्या चरित्रातला तो ठरलेला परिच्छेद लता मंगेशकरांनाही शब्दशः लागू पडतो. फळ मात्र वेगळे आले. कागलच्या आनंद यादवांचे बालपणही असेच. शाळेत जाता यावे म्हणून बापाशी आणि शेतातल्या राबणुकीशी त्यांनी दिलेली झुंज 'झोंबी'त आहे. ती वाचून हसू येत नाही, गलबलून येते. गंमत अशी की या पुस्तकाला प्रस्तावना आहे ती पु. ल. देशपांड्यांची, म्हणजे मराठीतल्या सर्वांत लाडक्या विनोदकाराची, ज्याचे बालपण पार्ल्याच्या मध्यमवर्गीय वस्तीत गेले. चिमणराव आणि गुंड्याभाऊ जन्माला घालणारे चिं. वि. जोशी तर बडोद्यात पाली शिकवणारे प्राध्यापक. थोडक्यात, हालातून विनोद येईलच असे नाही आणि विनोदाला हाल लागतातच असेही नाही.

मानसशास्त्राने हा प्रश्न हाताळला आहे, पण ते संशोधन सावधपणे वाचावे असे आहे. सॅम्युअल जेनस या अमेरिकन संशोधकाने १९७५ मध्ये पंचावन्न नामवंत विनोदवीरांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांच्या बालपणात दुःख, एकटेपणा, वंचना ठळकपणे आढळल्याचे सांगितले. यातली मेख उघड आहे: जे यशस्वी झाले तेच पाहिले. तसेच बालपण भोगून हमाली करत राहिलेल्या हजारोंना कोण विचारणार? सीमोर आणि रोडा फिशर या दांपत्याचे १९८१ चे पुस्तक अधिक कामाचे, कारण त्यांनी विदूषकांची आणि विनोदी नटांची तुलना इतर नटांशी केली. त्यांना सापडलेली गोष्ट 'दुःख' या मोघम शब्दापेक्षा नेमकी आहे. या मुलांवर मोठेपणाची जबाबदारी फार लवकर पडलेली होती. ज्या वयात त्यांना कोणी सांभाळायचे, त्या वयात ती दुसऱ्यांना सांभाळत होती. हा धागा पुढे लागणार आहे.

आता कोल्हापूर. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला आणि गावात एक नवा धंदा रुजला. १९२९ मध्ये प्रभात इथेच निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, पण मागे पोकळी राहिली नाही. कोल्हापूर सिनेटोन, शालिनी सिनेटोन, विनायकरावांची हंस, मग प्रफुल्ल, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ अशी रांगच लागली. या संस्थांची रचना विनोदी नटाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सुतार, रंगारी, रंगभूषाकार, निरोप्या, नट ही मंडळी एकाच आवारात वावरत, त्यातली पुष्कळशी एकाच पगारपत्रकावर असत. गर्दीच्या प्रसंगाला माणसे कमी पडली की सुतारालाही फेटा बांधून उभे करत. खुद्द शांतारामबापूंनी पेंटरांच्या कंपनीत पडेल ती कामे करतच सुरुवात केली होती. नटाच्या खोलीचे दार गड्याला बंद नव्हते. गरीब पोराला विनोदाची देणगी होती की नाही हा पुढचा प्रश्न. आधी त्याला आत शिरायला फट मिळाली.

राजा गोसावी त्याच फटीतून आले. मूळ सातारा जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचे. मास्टर विनायकांकडे ते घरगडी म्हणून लागले, मग ऑफिसातला पोऱ्या, मग सुतारकाम आणि रंगभूषा. पुढे दामूअण्णा मालवणकरांच्या नाटक कंपनीत ते प्रॉम्प्टर झाले. माझ्या मते त्यांच्या शिक्षणातली सर्वांत मोलाची पायरी हीच. विंगेत संहिता धरून बसणारा माणूस सगळ्या पात्रांची वाक्ये तर ऐकतोच, पण हशा कुठे येतो, किती टिकतो आणि तो ओसरायच्या नेमका किती आधी पुढचे वाक्य टाकायचे, हे रोज रात्री मोजतो. समोर दामूअण्णांसारखा नट असेल, तिरळ्या डोळ्यांचेच भांडवल करून प्रेक्षकाला लोळवणारा, तर त्या विंगेची शाळा होते. १९५२ मध्ये 'लाखाची गोष्ट' आला तेव्हा गोसावी पुण्याच्या भानुविलास थिएटरात तिकिटे विकत होते. नायक म्हणून पडद्यावर झळकलेल्या चित्रपटाची तिकिटे त्यांनी स्वतःच फाडून दिली, हा किस्सा मराठी चित्रसृष्टीत आजही सांगतात. लोक तो गरिबीचा किस्सा म्हणून सांगतात. मला त्यात वेगळेच दिसते: नायक झाल्यावरही या माणसाला खिडकीमागे बसण्यात कमीपणा वाटला नाही.

हाच मुद्दा भरताच्या मांडणीला जाऊन भिडतो. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार आहेत, स्मितापासून अतिहसितापर्यंत, आणि ते उत्तम, मध्यम, अधम अशा माणसांत वाटून दिले आहेत. हा रस मुख्यतः स्त्रिया आणि नीच प्रकृतीच्या पात्रांत दिसतो, असेही तिथे सांगितले आहे. विकृत वेष, विकृत वाणी, विकृत अंगचेष्टा या त्याच्या सामग्रीला प्रतिष्ठित माणूस हात लावायला कचरतो. चांगल्या घरच्या मुलाने नायक व्हावे, फार तर खलनायक व्हावे. कंबर लचकवत टाळ्या पिटणारा नाच्या होऊ नये, असे घरचे बजावणार. ज्याच्याकडे गमवायला अब्रूच फारशी नाही, त्याच्यासाठी ही जागा मोकळी राहते. विनोदाच्या धंद्यात गरीब घरची मुले इतकी का दिसतात, याचे उत्तर शोधताना त्यांच्या मनाइतकेच या सामाजिक वाटपाकडेही पाहावे लागते. हे वाटप सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

तमाशाने ही खालची जागा फार हुशारीने वापरली. वगात सरदार हुकूम सोडतो आणि सोंगाड्या त्याला प्रश्न विचारतो, अगदी चाकर विचारेल तसले. हशा येतो तो त्या प्रश्नाने सरदाराचा डौल उतरतो म्हणून. ज्याने लहानपणी दारोदार माल विकला आहे, त्याला हा कोन शिकवावा लागत नाही. फेरीवाल्या पोराला समोरचा घेणार की हाकलणार हे त्याच्या भुवईवरून ओळखावे लागते. चुकला तर रात्री चूल पेटत नाही. फिशर म्हणतात ती अकाली जबाबदारी इथे हुन्नर बनते.

गणपत पाटलांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. कोल्हापुरात जन्म, बालपणीच वडील गेले, मग मोलमजुरी, फुले आणि खाण्याचे पदार्थ विकणे. जोडीला मेळ्यांची हौस. गावात रामायणाचे खेळ होत, त्यांत ते सीता होत. पुढे राजा गोसावींशी ओळख, स्टुडिओत पडेल ते काम, पडद्यावर किरकोळ भूमिका आणि 'जाळीमंदी पिकली करवंदं' या नाटकातला नाच्या. या भूमिकेने त्यांचे नाव झाले आणि तीच पुढे पडद्यावर वर्षानुवर्षे त्यांच्या वाट्याला आली.

या प्रवासातली सीता मला मोलाची वाटते. नजर खाली ठेवणे, पदर सावरणे, मान किंचित कलती धरणे, पाऊल आखूड टाकणे हे सगळे अंगात भिनले ते सीतेच्या निमित्ताने. नाच्याकडेही हीच सामग्री आहे. फरक मात्रेचा. पदर सावरण्याऐवजी झटकायचा, मान कलती धरण्याऐवजी फेकायची, हात कमरेवर टाकून 'आत्ता गं बया' म्हणताना सूर वर न्यायचा. एका मांडवात ज्या अंगविक्षेपाला बाया हात जोडत, त्यालाच दुसऱ्या मांडवात शिट्ट्या पडत. विनोद करुणेतून जन्मतो वगैरे आपण म्हणतो; पाटलांच्या बाबतीत तो भक्तीतून जन्मला, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या जवळ जाते. करुणेतून जन्मणाऱ्या विनोदाचा नमुना वेगळा: लंडनच्या चॅप्लिनने आत्मचरित्रात लहानपणीची आठवण दिली आहे. कत्तलखान्याकडे नेताना एक मेंढी पळाली, तिच्यामागे धावणाऱ्यांची त्रेधा पाहून सगळे हसले, तोही हसला आणि ती पकडली गेल्यावर रडत घरी गेला. आपल्या चित्रपटांतली शोक आणि हास्याची सरमिसळ तिथूनच आली असावी का, असे तो स्वतःलाच विचारतो. पण चॅप्लिनचा भटक्या गोड आहे, प्रेक्षक त्याच्या बाजूने हसतो. नाच्याकडे पाहून येणारे हसू दोन्हीकडे जाते, त्याच्याबरोबर आणि त्याच्यावर. दुसरे हसू थिएटरबाहेरही पाठ सोडत नाही. पाटलांच्या मुलांची लग्ने जमवताना लोकांनी पडद्यावरचा नाच्या खरा मानून अडचणी आणल्या, हे सर्वश्रुत आहे. बायको-पोरांचा संसार करणाऱ्या माणसाला आपले पौरुष समाजापुढे सिद्ध करावे लागावे, हा त्यांच्या कौशल्याला मिळालेला सर्वांत क्रूर दाखला. बालपणीच्या हालांनी हा नट घडवला असे म्हणणारे सहसा हा दुसरा हिशेब मांडत नाहीत.

त्यांच्या शेजारी दादा कोंडके ठेवून पाहू. नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेला कृष्णा, दंगेखोर पोरगा, सेवादलाच्या कलापथकातून रंगमंचावर आला. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ने त्यांना नाव दिले आणि १९६९ मध्ये कोल्हापूरच्या भालजींनी 'तांबडी माती'त पडद्यावर आणले. १९७१ च्या 'सोंगाड्या'तला नाम्या हे दादांचे खरे भांडवल. अंगाने वाढलेला, पण आईच्या धाकातून न सुटलेला भोळा गडी. रत्नमालाबाईंची आई दरडावते आणि हा तिच्यापुढे गोगलगाय होतो. लवकर मोठे व्हावे लागलेल्यांच्या पिढीने ज्याला पडद्यावर मोठे होण्याची सक्तीच नाही, असा नायक डोक्यावर घेतला. गिरणगावातल्या आणि खेड्यापाड्यांतल्या प्रेक्षकांत अशा माणसांची वाण नव्हती.

पण दादा आणि गणपत पाटील यांच्यातला फरक बालपणात शोधून सापडणार नाही. 'सोंगाड्या'चे निर्माते दादा स्वतः होते. भूमिका कोणती, किती वेळा, कुठल्या अंगाने करायची आणि नफा कुठे वळवायचा, हे ते ठरवत होते. नाम्याचा साचा त्यांनी चित्रपटामागून चित्रपट वापरला तो आपल्या मर्जीने, आणि एकामागून एक रौप्यमहोत्सव केले. पाटलांचा साचा दुसऱ्यांच्या हाती होता. निर्माता नाच्या मागत होता, प्रेक्षक नाच्या मागत होते आणि सीता करू शकणाऱ्या नटाला वेगळे काही देऊन पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. २००८ मध्ये ते कोल्हापुरातच गेले. त्याआधी त्यांनी 'रंग नटेशाचा' या नावाने आपली हकीगत स्वतः सांगून ठेवली होती.