व्हीएलसी मीडिया प्लेअर

व्हीएलसी मीडिया प्लेअर : चित्रफिती व ध्वनिफिती चालवणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. निर्माती संस्था व्हिडिओलॅन, पॅरिस. विंडोज, मॅकओएस, लिनक्स, अँड्रॉइड, आयओएस अशा बहुतेक सर्व प्रणालींवर चालते. किंमत नाही, जाहिरात नाही, खाते उघडावे लागत नाही. रस्त्यावर ठेवतात तो केशरी-पांढरा शंकू ही त्याची खूण. रोजच्या वापरातल्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची यादी करायला बसले, की फायरफॉक्स, लिबरऑफिस, गिंप यांची नावे घेणारे बहुधा त्यामागचा विचार पटलेले असतात. व्हीएलसीचे तसे नाही. तो वापरणाऱ्या बहुसंख्य लोकांना तो मुक्तस्रोत आहे हे ठाऊकच नसते. ‘दुसऱ्यात चालत नाही ना, मग व्हीएलसीत टाकून बघ,’ एवढ्या तोंडी शिफारशीवर तो घरोघरी पोचला.

जन्म : पॅरिसजवळ शातने-मालाब्री येथे एकोल सांत्राल या अभियांत्रिकी विद्यालयाचे वसतिगृह होते आणि तिथले संगणकजाळे विद्यार्थीच चालवत. हे जाळे टोकन रिंग पद्धतीचे, म्हणजे जुने आणि संथ. 1990च्या दशकाच्या मध्यास विद्यार्थ्यांना ते बदलायचे होते. कारण काही फार उदात्त नव्हते. जाळ्यावर गेम खेळताना ते रखडायचे. विद्यालयाने पैसे देण्याची असमर्थता दाखवल्यावर विद्यार्थी उद्योगांकडे गेले. बुइग या फ्रेंच उद्योगसमूहाला एका कल्पनेत रस होता : प्रत्येक खोलीसाठी वेगळी डिश आणि वेगळा डिकोडर घेण्यापेक्षा एकच मोठी डिश बसवायची आणि उपग्रह वाहिन्या संगणकजाळ्यावरून खोल्याखोल्यांत सोडायच्या. त्यासाठी जलद जाळे लागणारच होते, तेव्हा दोघांचेही काम झाले. 1996 साली सुरू झालेल्या या विद्यार्थी प्रकल्पातून पुढे व्हिडिओलॅन उभे राहिले. 1998 मध्ये सगळा कोड नव्याने लिहिला गेला. जाळ्यावर चित्र सोडणारा एक सर्व्हर आणि ते दाखवणारा एक क्लायंट असे त्याचे दोन भाग होते. ‘व्हिडिओलॅन क्लायंट’चे आद्याक्षरी नाव म्हणजे व्हीएलसी. सर्व्हरचे काम नंतर त्याच्यातच सामावले गेले, तरी नाव राहिले. 1 फेब्रुवारी 2001 रोजी विद्यालयाच्या संमतीने हा कोड जीपीएल परवान्याखाली जगाला खुला झाला. शंकूचा खुलासा त्याहून साधा आहे : जाळे सांभाळणाऱ्या विद्यार्थी मंडळाला रस्त्यावरचे शंकू गोळा करून आणण्याचा नाद होता. डिसेंबर संपत आला की या शंकूवर नाताळची लाल टोपी चढते. तेवढ्यावरून ‘व्हायरस आला का?’ असे विचारणारे दर वर्षी भेटतात.

डिजिटल उपग्रह वाहिन्या आणि डीव्हीडी या दोन्हींत एमपेग-2 हीच पद्धत वापरली जाई. त्यामुळे दूरचित्रवाणीसाठी लिहिलेला हा क्लायंट डीव्हीडीही दाखवू लागला आणि वसतिगृहाबाहेर त्याला गिऱ्हाईक मिळाले.

रचना व कार्यपद्धती : व्हीएलसीची सर्वांत जास्त वाखाणली जाणारी गोष्ट, म्हणजे मोडकीतोडकी फाईलही चालवणे, ही थेट या जन्मकथेतून आली आहे. जाळ्यावरून येणारे चित्र तुकड्यातुकड्यांनी येते आणि काही तुकडे वाटेत गळतात. फाईल पूर्ण आहे, शेवटपर्यंत नीट आहे, हे अशा प्रेक्षकाला गृहीत धरताच येत नाही. हाती आला तो तुकडा दाखवायचा आणि पुढे जायचे. पुढे हाच प्लेअर हार्ड डिस्कवरच्या फाईली वाचू लागला तेव्हा त्याची ही सवय कायम राहिली. म्हणून अर्धीच उतरलेली फाईल किंवा चरे पडलेली सीडी तो जिथवर जमेल तिथवर दाखवतो. एव्हीआय फाईलची शेवटची अनुक्रमणिका हरवली असेल, तर ती नव्याने तयार करू का, असे विचारतो.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे कोडेक बरोबरच येतात. फाईलच्या नावाच्या शेवटी असलेले एव्हीआय, एमकेव्ही किंवा एमपी4 ही डब्यावरची चिठ्ठी. आत चित्र एका पद्धतीने दाबलेले असते, आवाज दुसऱ्या, आणि ती उलगडणारा कोडेक संगणकावर नसला की पडदा काळा राहतो. 2000 नंतरची काही वर्षे ज्यांनी सायबर कॅफेत किंवा घरच्या पहिल्या संगणकावर काढली, त्यांना हा छळ आठवत असेल. रिअलप्लेअर एका प्रकारासाठी, क्विकटाइम दुसऱ्यासाठी, आणि उरलेल्यांसाठी कुठून तरी मिळवलेली कोडेकची गाठोडी, ज्यांच्यासोबत नको ते पाहुणेही संगणकात शिरत. नाटक-सिनेमांच्या व्हीसीडीतली डॅट फाईल नुसती कॉपी करून ठेवली तर ती नेमकी कशात उघडायची, हा त्या काळचा नेहमीचा प्रश्न होता. व्हीएलसी यांतले काहीच मागत नसे. त्याचा गाभा लहान आहे आणि त्याला शेकडो मोड्यूल जोडलेली असतात : एक डबा उघडतो, दुसरे चित्र उलगडते, तिसरे सबटायटल काढते. फाईल समोर आली की कोणते मोड्यूल लावायचे हे तो नावावर न विसंबता आतला मजकूर तपासून ठरवतो. उलगडण्याचे बरेचसे काम एफएफएमपेग या दुसऱ्या मुक्तस्रोत प्रकल्पाची ग्रंथालये करतात. व्हीएलसीचे कौतुक होताना हे नाव सहसा घेतले जात नाही, ते घ्यायला हवे.

वापर : दुहेरी क्लिक करून सिनेमा पाहणाऱ्याला व्हीएलसीचा दहावा हिस्साही दिसत नाही. विंडोज व लिनक्सवर त्याची खरी मजा कळफलकावर आहे. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात अशी फाईल हाती आली, तर जे आणि के या कळांनी आवाज 50 मिलिसेकंदांच्या पावलांनी मागेपुढे सरकतो. दहाबारा वेळा कळ दाबली की ओठ आणि शब्द जुळतात. सबटायटलसाठी हेच काम जी आणि एच करतात. ई दाबत राहिले तर चित्र एकेक चौकटीने पुढे जाते. क्रिकेटमधला धावबाद किंवा तबलजीची बोटे पाहणाऱ्यांना याचा उपयोग होतो. चौकोनी कंसांच्या कळांनी वेग कमी-जास्त होतो आणि स्वर मात्र बदलत नाही, म्हणून मुलाखत ऐकून कागदावर उतरवणारे पत्रकार व संशोधक तो हमखास वापरतात. आवाज 100 टक्क्यांच्या पुढे नेण्याची सोयही प्रसिद्ध आहे. ती मूळ ध्वनीच फुगवते. हळू आवाजाच्या ध्वनिमुद्रणाला त्याने मदत होते, पण चांगल्या ध्वनिमुद्रणाचा आवाज फाटतो.

मराठी सबटायटलची गोष्ट थोडी उशिरा मार्गी लागली. जुन्या आवृत्त्यांत देवनागरी अक्षरे दिसत, पण वेलांटी चुकीच्या बाजूला जाई आणि जोडाक्षरे सुटी पडत. फेब्रुवारी 2018 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीत अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे ग्रंथालय जोडले गेले आणि देवनागरी, तमिळ, अरबी अशा लिप्या नीट दिसू लागल्या. एवढे करूनही सबटायटलच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे आली, तर दोष बहुधा फाईलचा असतो : ती यूटीएफ-8 मध्ये जतन केलेली नसते. सबटायटलची फाईल चित्रफितीच्याच नावाने, त्याच फोल्डरमध्ये ठेवली की ती आपोआप उचलली जाते. व्हीएलसीच्या मेनूंची जी भाषांतरे स्वयंसेवकांनी केली आहेत, त्यांत मराठीही आहे.

उणिवाही आहेत. गाण्यांचा मोठा संग्रह नीट लावून ठेवण्यासाठी तो सोयीचा नाही. त्याचे रूप जुनाट आहे. आणि सेटिंग्जमध्ये ‘सर्व दाखवा’ निवडले की जे जंगल उघडते, त्यातून काही न बिघडवता परतणे सगळ्यांना जमत नाही. सुदैवाने सर्व सेटिंग्ज मूळपदावर आणण्याचे बटण तिथेच खाली आहे.

परवाना, पैसा व कायदा : विद्यार्थी शिकून बाहेर पडत गेले तसा प्रकल्प क्षीण होत होता. त्याच विद्यालयातून आलेल्या झाँ-बाप्तिस्त केम्फ यांनी तो सावरला. 2009 मध्ये व्हिडिओलॅन ही विद्यालयापासून स्वतंत्र, ना-नफा संस्था झाली, 1.0 आवृत्तीही त्याच वर्षी जुलैत आली. संस्था देणग्यांवर चालते. जाहिराती किंवा इतर सॉफ्टवेअर सोबत चिकटवण्यासाठी कोट्यवधी युरो देऊ करणारे आले होते आणि आपण त्यांना नकार दिला, हे केम्फ यांनी जाहीरपणे सांगितले आहे. कोड खुला असल्याने दुसऱ्या कुणी तोच प्लेअर जाहिराती चिकटवून वाटण्याचे प्रकार मात्र घडत आले आहेत. उतरवताना videolan हे नाव पत्त्यात आहे का, एवढे पाहिले तरी पुरते.

जीपीएलचा काच संस्थेलाही बसला. आयफोन-आयपॅडसाठीची पहिली आवृत्ती 2010 मध्ये आली. अॅप स्टोअरच्या अटी जीपीएलशी विसंगत आहेत, अशी हरकत व्हीएलसीच्याच एका विकसकाने घेतली आणि जानेवारी 2011 मध्ये ती काढून टाकली गेली. मग जुन्या लेखकांना एकेक करून गाठून, प्रत्येकाची लेखी संमती घेऊन, गाभ्याचा परवाना सैल अशा एलजीपीएलमध्ये बदलण्यात आला. जुलै 2013 मध्ये व्हीएलसी अॅप स्टोअरवर परतला. कोडवर संस्थेचा हक्क नसून तो लिहिणाऱ्या प्रत्येकाचा असतो, या तत्त्वाची किंमत किती, हे या खटाटोपावरून कळते.

डीव्हीडीवरचे कुलूप उघडणारे लिबडीव्हीडीसीएसएस हे ग्रंथालयही व्हिडिओलॅनचेच. अमेरिकी कायद्याच्या धास्तीने अनेक लिनक्स वितरणे ते आपल्यासोबत देत नाहीत. संस्था फ्रान्समध्ये असल्याचा इथे मोठा आधार झाला. सॉफ्टवेअर पेटंट आपल्याला लागू होत नाहीत, ही तिची उघड भूमिका आहे.

भारतातील बंदी : फेब्रुवारी 2022 पासून भारतात व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ उघडेनासे झाले. कोणतीही पूर्वसूचना संस्थेला मिळाली नव्हती. गंमत अशी, की फोनवरच्या अॅप स्टोअरमधून तोच व्हीएलसी मिळत होता आणि आधीपासून संगणकावर असलेलाही बिनदिक्कत चालत होता. परिणाम उलटा झाला : अधिकृत ठिकाण बंद, म्हणून लोक कुठल्याही अनोळखी ठिकाणाहून तो उतरवू लागले. एका चिनी हॅकर टोळीने व्हीएलसीच्या अस्सल फाईलआडून आपला घातक कोड चालवल्याचे सिमँटेकने त्याच वर्षी एप्रिलमध्ये सांगितले होते. बंदीचा संबंध अनेकांनी त्याच्याशी जोडला. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने संस्थेने ऑक्टोबरमध्ये सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये बंदी उठली.

सुरक्षेचा प्रश्न तेवढ्याने संपत नाही. शेकडो प्रकारच्या, कुठूनही आलेल्या फाईली उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फटी राहणारच. युरोपीय संघाने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्यांना बक्षिसे देण्याची योजना आखली, तेव्हा तिच्यात व्हीएलसी होता आणि जून 2019 च्या 3.0.7 आवृत्तीत त्यातून सापडलेल्या अनेक चुका एकदम दुरुस्त झाल्या. पाच-सात वर्षांपूर्वी टाकलेला व्हीएलसी तसाच वापरत राहणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

संबंधित प्रकल्प : व्हिडिओलॅनच्या छत्राखाली वाढलेली दोन सॉफ्टवेअर सामान्य माणसाला नावाने माहीत नाहीत. चित्र एच.264 पद्धतीने दाबणारे एक्स264 हे इंटरनेटवरच्या असंख्य चित्रफिती तयार करताना वापरले गेले आहे. 2018 मध्ये जाहीर झालेले डेव्हिड, रोमन लिपीत ‘आय’च्या जागी आकडा घालून लिहिले जाणारे, एव्ही1 पद्धतीची चित्रे उलगडते आणि क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांत बसलेले आहे. व्हीएलसी कधीच न उघडलेला माणूसही त्यामुळे या मंडळींचे काम वापरत असतो.

जानेवारी 2025 मध्ये व्हीएलसी 6 अब्ज वेळा उतरवला गेल्याचे संस्थेने जाहीर केले. त्याच वेळी, इंटरनेटशिवाय, संगणकावरच आवाज ऐकून सबटायटल तयार करणारी व त्यांचे भाषांतर करणारी सोय लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात दाखवण्यात आली. टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड कादंबऱ्यांतील पात्रांची नावे आवृत्त्यांना देण्याची इथली प्रथा आहे, 3.0 ही ‘व्हेटिनारी’. पुढची 4.0, ‘ऑटो क्रीक’, बऱ्याच वर्षांपासून घडवली जात असून तिच्यात मुख्य बदल त्या जुनाट रूपाचाच आहे.