रात्रीचा विश्वास, दिवसाची साक्ष



मंडळीच्या वतीने घरभेटीला जाणारे आम्ही काही जण आहोत. आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करणे, एवढे आम्हांला जमते. पण जिना उतरताना शेजारच्या दारातून कोणी सहज विचारते, "तुम्ही दर आठवड्याला कशाला येता हो इथं?" आणि आमची जीभ अडखळते. "ओळखीचे आहेत," असे म्हणून आम्ही चपला पायात सरकवतो. त्यात खोटे काही नसते, पण ज्याच्यासाठी आम्ही आलो त्याचे नाव तेवढे राहून जाते. घरी पोहोचेपर्यंत ते मनाला टोचत राहते.

अशा वेळी आम्हांला बाबा पदमनजी आठवतात. ते आपल्या बेळगावचेच. १८३१ साली एका कासार घराण्यात त्यांचा जन्म झाला. घर देवधर्म पाळणारे होते आणि लहानपणी बाबाही मोठ्या श्रद्धेने ते सारे पाळत. लंडन मिशनने बेळगावात १८२० मध्ये काम सुरू केले होते. बाबा त्या मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे मुंबईला फ्री चर्चच्या विद्यालयात गेले. तिथे पवित्र शास्त्राचा अभ्यास होत असे. वाचता वाचता त्यांचे मन प्रभू येशूकडे ओढले जाऊ लागले.

पण मन वळले म्हणून पाऊल लगेच पडले नाही. हा झगडा बाबांनी 'अरुणोदय' या आपल्या आत्मचरित्रात लपवाछपवी न करता लिहिला आहे. त्यांची भीती उगाच नव्हती. १८४३ साली नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा मुंबईत केवढी खळबळ उडाली होती! त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून प्रकरण कोर्टात गेले आणि त्या मुलाला आईवडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर नवा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकरांनी मुलाची बाजू घेतली, तर त्यांनाच लोकांचा रोष सोसावा लागला. हे सारे ज्या शहरात घडले त्याच शहरात बाबा शिकत होते. आपल्या घरी काय होईल, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

१८५० साली कायदा झाला की धर्म बदलला म्हणून कोणाचा वारसाहक्क बुडणार नाही. कायद्याने जमीनजुमला वाचला असेल, पण आईच्या पंक्तीतले पान कोणता कायदा मिळवून देणार? बाबांच्या पिढीतल्या तरुणांची खरी भीती ती होती. ज्यांच्यावर आपले प्रेम आहे त्यांनाच दुखवायचे, ही भीती. तिला नुसता भित्रेपणा म्हणणे आम्हांला बरोबर वाटत नाही.

त्याच सुमारास, १८४९ मध्ये, मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंगांसारखी विद्वान माणसे तिच्यात होती. जातिभेद मानायचा नाही, मूर्तिपूजा करायची नाही, असे सभासदांचे ठरले होते आणि एकत्र खाऊन ते जातीचा निर्बंध मोडीत. पण हे सगळे बंद दाराआड चाले. बाहेर पडले की प्रत्येक जण आपापल्या घरी जातीच्या रीतीप्रमाणेच वागे. बाबाही काही काळ या सभेत होते. ही माणसे वाईट नव्हती. उलट समाजाचे खरे हित चिंतणारी होती आणि त्यांच्यातल्या काहींनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज उघडपणे काढला. परमहंस सभेची मात्र कागदपत्रे १८६० च्या सुमारास चोरीला गेली, नावे फुटण्याची भीती पसरली आणि सभा मोडली. जे सत्य अंधारातच जपले होते ते उजेडाच्या नुसत्या धाकाने विरून गेले.

हे वाचताना आम्हांला निकदेम आठवतो. योहानाच्या शुभवर्तमानात तो तीनदा भेटतो. पहिल्यांदा तो रात्री येतो. दुसऱ्यांदा परूश्यांच्या सभेत येशूच्या बाजूने एकच वाक्य बोलतो आणि टोमणा ऐकून घेतो. तिसऱ्यांदा, शिष्य पांगलेले असताना, तो गंधरस आणि अगरू घेऊन उघडपणे प्रभूच्या देहाजवळ उभा राहतो. प्रभूने त्याला रात्री आला म्हणून परत पाठवले नाही. त्याच्याशी बोलत बसला आणि त्याला उजेडात यायला वेळ दिला.

बाबांनाही तो वेळ मिळाला. सप्टेंबर १८५४ मध्ये बेळगावातच त्यांचा बाप्तिस्मा झाला. मुंबईच्या गर्दीत, परक्यांच्या मध्ये हे उरकता आले असते. पण जिथे लहानपणापासून लोक त्यांना नावानिशी ओळखत होते, त्या गावात त्यांनी प्रभूचे नाव घेतले. आम्हांला यातच त्यांचे धैर्य दिसते. अनोळखी माणसांपुढे बोलणे त्या मानाने सोपे असते. ज्यांना आपले सगळे गुणदोष ठाऊक आहेत त्यांच्यापुढे उभे राहणे अवघड.

मग त्यांनी काय केले? लेखणी हाती घेतली. बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, 'यमुनापर्यटन' आले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकते. कोणाचे केशवपन झालेले, कोणी आपल्याच घरात परकी झालेली. पुढे यमुनेवरही वैधव्य येते. नव्याने विश्वासात आलेला, पंचविशीतला एक तरुण आपली साक्ष द्यायला बसला आणि त्याने आधी बायकांचे दुःख ऐकले, ही गोष्ट आम्हांला फार मोठी वाटते. त्या काळच्या धर्मविषयक लेखनात वादाचा सूर पुष्कळ असे. बाबांचे सगळे लेखनही त्यातून सुटलेले नाही. पण वादात कोण जिंकले याची आज कोणी आठवण ठेवत नाही. यमुनेची मात्र आठवण राहिली.

पुढे ते पुण्यात पाळक झाले, नव्या करारावर टीका लिहिली, शब्दकोशांचे काम केले, नियतकालिके चालवली. शंभरांहून अधिक लहानमोठी पुस्तके लिहून १९०६ साली ते प्रभूकडे गेले. एके काळी ज्याला एक वाक्य उघडपणे बोलायला वर्षे लागली, त्याने पन्नास वर्षे लिहिणे थांबवले नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना बाबांसारखे घर सोडावे लागलेले नाही. विश्वास आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळाला. मग आपली जीभ का अडखळते? कदाचित साक्ष म्हणजे भाषण, समोरच्याला पटवणे, आपल्या बाजूला ओढणे, अशी आपली समजूत झाली असेल. पेत्राने आपल्या पत्रात तसे सांगितलेले नाही. आपल्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. म्हणजे आधी समोरच्याने विचारलेले आपल्याला ऐकू आले पाहिजे. मन वळवणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे. ते आपल्या अंगावर घेतले की भीती वाटणारच. आपल्याकडे फक्त खरे उत्तर देण्याचे काम आहे.

म्हणून आम्ही आपसांत एक ठरवले आहे. पुढच्या वेळी जिन्यात कोणी विचारले तर म्हणायचे, "आजी आजारी आहेत, त्यांच्यासाठी येशूकडे प्रार्थना करायला येतो." आणि मग थांबून विचारायचे, "तुमच्याकडे सगळे बरे आहेत ना?" उत्तर येईल ते शांतपणे ऐकायचे. तेवढ्याने सुरुवात होईल.

हे प्रभो, रात्री आलेल्या निकदेमाला तू परत पाठवले नाहीस. आम्हांलाही जवळ घे. आमच्या ओळखीच्या लोकांमध्ये तुझे नाव घेण्याचे धैर्य दे, आणि बोलण्याआधी त्यांचे दुःख ऐकणारे कान दे. आमेन.