गाळणीचा इतिहास : पाण्याच्या हंड्यापासून प्रयोगशाळेच्या कपाटापर्यंत

जैन घराची ओळख पूर्वी स्वयंपाकघरात शिरताच पटत असे. हंड्याच्या तोंडावर दुहेरी जाड कापड बांधलेले असे आणि पाणी गाळून झाल्यावर कापडातील जिवाणी पुन्हा मूळ पाणवठ्यात अलगद सोडली जात असे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची जाणीव ठेवून जगणे, हा संस्कार आपल्या पूर्वजांनी कापडाच्या एका तुकड्यातून पिढ्यान्‌पिढ्या जपला. प्रस्तुत लेखाचा विषयही एक गाळणीच आहे; मात्र ती पाण्याची नसून हवेची आहे. प्रयोगशाळेतील ‘बायोसेफ्टी कॅबिनेट’ अर्थात जैवसुरक्षा कपाट हा तो विषय होय.

आपल्या ट्रस्टच्या प्रयोगशाळेत क्षयरोगाची कल्चर तपासणी सुरू करण्याचा विषय विश्वस्त मंडळापुढे आला, तेव्हा या कपाटाच्या किमतीवरून बरीच चर्चा झाली. एवढा खर्च कशासाठी, हा प्रश्न रास्तच होता. त्याचे उत्तर मला या यंत्राच्या इतिहासात सापडले.

इ. स. 1870 च्या दशकात लंडन येथे जॉन टिंडॉल या शास्त्रज्ञाने एक बंद पेटी तयार केली. आतील भिंतींना ग्लिसरीन लावून त्याने हवेतील धूळ तिच्यावर बसू दिली. प्रकाशाच्या झोतात एकही कण चमकेनासा झाला, तेव्हा त्याने पेटीत उकळलेले मांसरस ठेवले. ते नासले नाहीत. नासवणारे बीज हवेतील कणांवर स्वार होऊन येते, हे यातून दिसून आले. पुढे 24 मार्च 1882 रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. जंतू बाटलीत वाढवता येऊ लागले आणि त्याबरोबरच ते वाढवणाऱ्यांना त्याच रोगाची बाधा होऊ लागली.

या इतिहासाचे एक पान आपल्या मुंबईतही लिहिले गेले आहे. 1896 साली प्लेगची साथ आली असता वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परंतु 1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने मृत्यू पावले. ते सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. ठपका हाफकिन यांच्यावर आला. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब पुढे प्रकाशात आली. 1907 साली हाफकिन दोषमुक्त झाले, पण उमेदीची वर्षे निघून गेली होती. 1925 साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. वस्तू उचलताना व ठेवताना सावध राहावे, असे सांगणारी आदान-निक्षेपण समिती साधूंसाठी आहे खरी. पण प्रयोगशाळेलाही ती किती लागू पडते, हे मुलकोवालने दाखवून दिले.

म्हणजे धोका दुहेरी आहे. नमुन्यातून माणसाला आणि बाहेरून नमुन्याला. 1909 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात क्षयाच्या जंतूंवर काम करणाऱ्यांसाठी हवा ओढून घेणारे कपाट केले गेले. पण ओढलेली हवा शुद्ध कशी करावी? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अणुबाँबच्या प्रकल्पातील किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी जी गाळणी विकसित झाली, ती पुढे ‘हेपा’ नावाने प्रसिद्ध झाली. 0.3 मायक्रॉन आकाराचे 99.97 टक्के कण ती अडवते. आयुष्य कापडात गेल्यामुळे मला तिचे विशेष कुतूहल वाटले. ती विणलेली नसते. काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंचा तो घड्या घातलेला कागद असतो. कण तिच्या छिद्रांत अडकत नाहीत, तर वाट काढताना तंतूंना चिकटून राहतात. 1960 च्या सुमारास न्यू मेक्सिको येथील विलिस व्हिटफील्ड यांनी गाळलेली हवा एकाच दिशेने, संथ व एकसारखी वाहती ठेवण्याची पद्धत शोधली. या दोहोंच्या संयोगातून आजचे कपाट साकारले आणि 1976 साली अमेरिकेत त्याचे प्रमाणक प्रसिद्ध झाले.

या सर्वांची गरज काय, याचे उत्तर 1978 मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅमने दिले. जगातून देवीचा रोग जवळजवळ नाहीसा झाला असताना, विद्यापीठातील देवीच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या छायाचित्रकार जेनेट पार्कर यांना देवी आल्या व सप्टेंबर महिन्यात त्यांचे निधन झाले. विषाणू नेमका कोणत्या वाटेने पोहोचला यावर मतभेद राहिले. तो त्या इमारतीतूनच आला, हे मात्र सर्वांनी मान्य केले.

आता निवडीविषयी. या कपाटांचे तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग काम करणाऱ्याचे रक्षण करतो, नमुन्याचे नाही. दुसरा दोघांचेही करतो आणि रुग्णालयांच्या प्रयोगशाळेत बहुधा तोच वापरतात. तिसरा पूर्ण बंद असून अत्यंत घातक जंतूंसाठी असतो. यांखेरीज ‘लॅमिनार फ्लो’ नावाचे स्वस्त टेबल मिळते. दिसायला ते कपाटासारखेच. पण त्यातील आडवा प्रवाह नमुन्यावरून थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येतो. आमच्यापुढे आलेल्या दरपत्रकांत एक अशा टेबलाचेही होते आणि स्वस्त म्हणून ते जवळजवळ मंजूर झाले होते. मंजूर झाले असते, तर क्षयाचे जंतू आम्ही आपल्याच तंत्रज्ञ मुलींच्या श्वासात सोडले असते.

खरेदीहून देखभाल अवघड आहे. कपाट दार, पंखा व येण्याजाण्याची वाट यांपासून दूर हवे, कारण समोरची हवेची भिंत साध्या झुळुकीनेही मोडते. पुढील जाळीवर वह्या किंवा हात ठेवू नयेत. आत बर्नर पेटवू नये. काम सुरू करण्यापूर्वी काही मिनिटे यंत्र चालू ठेवावे. कामाआधी व कामानंतर पृष्ठभाग पुसून घ्यावा. निळ्या दिव्यावर विसंबून पुसणे टाळू नये. वर्षातून एकदा, तसेच जागा बदलल्यास लगेच, हवेचा वेग, धुराची चाचणी व गाळणीची अभंगता प्रशिक्षित माणसाकडून तपासून घ्यावी. गाळणी बदलण्यापूर्वी कपाट निर्जंतुक करावे लागते.

एका ज्येष्ठांनी विचारले, जंतू वाढवून नष्ट करणे ही हिंसा नव्हे काय? ती आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य सांगितली आहे. आरंभी हिंसा त्याला पूर्णतः टळत नाही, म्हणून ती जयणापूर्वक, कमीत कमी व्हावी. रोग्याचे निदान न करणे आणि सेवकाला रोगाच्या तोंडी देणे, यांत कोणती अहिंसा?

शेवटी एक विनंती. यंत्र घेण्यास दाते मिळतात, कारण त्यावर नावाची पाटी बसते. वार्षिक तपासणीवर पाटी बसत नाही. गाळणी फाटली तरी दिवा लागतो, पंखा फिरतो आणि सर्व ठीक वाटते. हाच या यंत्राचा सर्वांत मोठा धोका. फाटक्या कापडातून गाळलेले पाणी आपल्या आजीने कधी चालवून घेतले नसते. ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांसाठी एक देखभाल निधी निर्माण व्हावा आणि त्यात बिननावाचे दान पडावे, एवढीच अपेक्षा.

लिहिण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.